जुनाट आजारासोबत जगताना: रोजच्या वहीपासून क्लिनिकल ट्रायलच्या संमतीपत्रापर्यंत

सकाळी गळ्यापाशी असलेलं बटण एका मिनिटात लागलं की तो दिवस मला चांगला जातो. चार मिनिटं लागली, की समजायचं आज बोटं ऐकणार नाहीत. मग त्या दिवशीची कामं तिथेच, आरशासमोर उभ्या उभ्या कमी करायची. मला चौदा वर्षांपासून रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात, तोच. डॉक्टर पहिल्या भेटीत म्हणाले होते, ‘हा मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो.’ त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकून मी घरी आले. दुसरा अर्धा ऐकू यायला मला दोन वर्षं लागली.

या चौदा वर्षांत मी एका क्लिनिकल ट्रायलमधून, म्हणजे औषध किंवा उपचार माणसांवर तपासून पाहणाऱ्या अभ्यासातून, स्क्रीनिंगलाच (प्रवेशाआधीच्या तपासणीतच) बाहेर पडले आणि दुसऱ्या ट्रायलमध्ये वर्षभर होते. मधुमेह, दमा, रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार, सोरायसिस, हृदयाचा आजार, असं काही ना काही कायमचं सोबत घेऊन जगणारी माणसं मला विचारतात, ‘ट्रायलला जाऊ का?’ माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी तुमचा आजार तुम्हाला स्वतःला नीट सांगता येतो का ते बघा. तो सांगता आला तर उपचारही नीट होतात आणि ट्रायलचा निर्णयही शहाणपणाने घेता येतो. म्हणून हा लेख वहीपासून सुरू करते आहे. ट्रायल त्यानंतर येईल.

१. वही घाला

वही साधी हवी. रोज फक्त चार गोष्टी लिहायच्या: त्रास किती (० ते १० मधला एक आकडा), झोप किती, कुठला डोस चुकला आणि आज कुठली एक गोष्ट जमली नाही. चौथी नोंद सगळ्यात महत्त्वाची. ‘दुखत होतं’ यावरून डॉक्टरांना फारसं काही कळत नाही. ‘सकाळी दीड तास मुठी वळत नव्हत्या, बाटलीचं झाकण उघडलं नाही’ एवढं वाचलं की कळतं. माझ्या वहीतलं एक पान असं आहे: ‘मंगळवार. त्रास ६. झोप चार तास, दोनदा जाग. डोस चुकला नाही. नळ मनगटाने बंद केला.’ हे शेवटचं वाक्य वाचून डॉक्टरांनी माझं औषध बदललं. त्याआधीच्या तीन भेटींत मी ‘ठीक आहे, चाललंय’ असंच म्हणत होते.

ज्या आजाराला स्वतःचा आकडा आहे, त्याने तोही लिहावा, पण मोजण्याची पद्धत कायम ठेवावी. घरी रक्तदाब मोजताना पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. दम्याच्या रुग्णाने फुंकरीचा जोर मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरचा आकडा लिहावा. हृदय कमजोर झालेल्याने रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करावं. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोच्या आसपास वाढलं तर ते बहुधा अंगात साठलेलं पाणी असतं आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावं लागतं. मधुमेहींनी एचबीएवनसी आणि रोजची साखर यांची गल्लत करू नये. पहिला आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. रोज साखर वर-खाली हेलकावे खात असली तरी सरासरी छान दिसू शकते.

फॉलोअपला जाताना अख्खी वही डॉक्टरांपुढे ठेवू नका. आदल्या रात्री तीन ओळी काढा: मागच्या भेटीनंतर काय बदललं, सगळ्यात जास्त कशाने अडतं आणि मला आज काय विचारायचंय. भेट दहा मिनिटांची असेल, तर मुख्य गोष्ट पहिल्या मिनिटात सांगा. आपण दाराशी पोचल्यावर ‘हां, आणि छातीत जरा...’ म्हणतो, ते भेटीचं पहिलं वाक्य असायला हवं.

२. गोळ्यांचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार, विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजाराच्या रुग्णांपैकी सरासरी निम्मेच ठरल्याप्रमाणे औषध घेतात. हे वाचलं तेव्हा मला थोडं हायसं वाटलं. आपण एकटेच विसरत नाही तर! पण विसरणं आणि स्वतःहून बंद करणं यांत फरक आहे. बरं वाटू लागलं की गोळी सोडावीशी वाटते, आणि बरं तर त्या गोळीमुळेच वाटत असतं. स्टेरॉइड काही आठवडे चालू असेल तर एकदम कधीही थांबवू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत असल्यामुळे शरीराने स्वतःचं बनवणं कमी केलेलं असतं. डोस हळूहळू उतरवावा लागतो, तोही डॉक्टरांना विचारून.

एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगायला हवी. मेथोट्रेक्सेट हे आमवातात आणि सोरायसिसमध्ये आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध आहे. बाकीच्या गोळ्या रोजच्या असल्यामुळे चुकून हीसुद्धा रोज घेतली जाते, आणि मग रक्तपेशी घटून जिवावर बेतू शकतं. आठवड्याचा वार ठरवा आणि तो पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा. घरातल्या आणखी एकाला तो वार माहीत हवा.

औषधांची यादी एका कागदावर ठेवा. त्यात काढे, भस्मं, ताकदीची पावडर, दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी, सगळं आलं पाहिजे. हीच यादी पुढे ट्रायलच्या पहिल्या दिवशी मागतात. त्यातली एखादी लपवलेली वस्तू यकृताच्या तपासणीत दिसते आणि तिचा दोष नव्या औषधाच्या माथी जातो. मी पहिल्या ट्रायलच्या स्क्रीनिंगला नापास झाले ती यकृताचे आकडे वाढले होते म्हणून. त्या महिन्यात मी दुखण्यासाठी कुठल्या गोळ्या किती घेतल्या, हे मला त्या दिवशी सांगता आलं नाही. वही त्यानंतर नियमित झाली.

३. ताकदीचं गणित आणि मन

थकल्यावर विश्रांती घेणं उशिराचं असतं. थकण्याच्या थोडं आधी थांबायचं. ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशी महिन्याची कामं उरकायची आणि पुढचे तीन दिवस आडवं पडायचं, हा खेळ मी कित्येक वर्षं खेळले. चांगल्या दिवशीही काम थोडं हातचं राखूनच करावं. व्यायामाबद्दल एवढंच सांगते की सांधे दुखतात म्हणून हालचाल बंद केली तर स्नायू जातात, आणि मग सांध्यांवरचा भार वाढतो. किती आणि कुठला व्यायाम करायचा ते फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या.

दीर्घ आजारासोबत नैराश्य येणं फार सामान्य आहे. दोन आठवडे सलग कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, जगण्याचा कंटाळा आल्याचे विचार येत असतील, तर सांधेदुखी जितक्या सहजपणे सांगता तितक्याच सहजपणे हे डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत. आणि खचलेल्या मनाने ट्रायलच्या कागदावर सही करू नये. ‘काहीही करा, पण यातून सोडवा’ अशा अवस्थेत माणूस कागद वाचतच नाही.

४. आपण आज जी गोळी घेतो, ती कुठून आली

१९४८ मध्ये ब्रिटनमध्ये क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचा निकाल छापून आला. औषध तुटपुंजं होतं, सगळ्यांना पुरणार नव्हतं. १०७ रुग्णांची विभागणी कुणाच्याही मर्जीने न करता यादृच्छिक क्रमाने झाली. ५५ जणांना औषध आणि अंथरुणावर विश्रांती, ५२ जणांना फक्त विश्रांती, आणि तीच तेव्हाची नेहमीची उपचारपद्धती होती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ मृत्यू झाले, दुसऱ्यात १४. औषधाचा गुण इतका स्वच्छ दिसला, कारण कोणाला काय द्यायचं हे डॉक्टरांच्या हातात नव्हतं. तसं असतं तर धडधाकट रुग्णांना औषध मिळालं की गंभीर रुग्णांना, हा वाद कधी मिटलाच नसता.

उलटही घडतं, आणि ते मला जास्त शिकवून गेलं. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके अनियमित पडणं धोक्याचं असतं, हे माहीत होतं. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ते ठोके शांत करत, हेही दिसत होतं. मग अशा रुग्णांना ती द्यावीत, हे सरळ गणित वाटत होतं आणि कित्येकांना ती दिलीही जात होती. ‘कास्ट’ नावाच्या अमेरिकी चाचणीत मात्र प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) घेणाऱ्यांपेक्षा ही औषधं घेणाऱ्यांमध्ये जास्त मृत्यू होताना दिसले, आणि १९८९ मध्ये त्या औषधांचा भाग मध्येच थांबवला गेला. ठोके सुधारत होते आणि माणसं जात होती. तेव्हापासून ‘अमुक औषधाने रिपोर्ट सुधारला’ असं कुणी म्हटलं, की मी विचारते, ‘आणि माणूस?’

शस्त्रक्रियेचीही अशीच परीक्षा झाली आहे. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून सफाई करण्याची शस्त्रक्रिया सर्रास होत असे. २००२ मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत १८० रुग्ण होते. काहींची सफाई झाली, काहींचा गुडघा नुसता धुतला आणि काहींच्या त्वचेवर फक्त छेद घेऊन टाके घातले. दोन वर्षं पाठपुरावा केला. वेदना आणि चालणं, दोन्हींत तिन्ही गटांमध्ये फरक निघाला नाही.

दीर्घ आजाराच्या माणसांनी लक्षात ठेवावी अशी चाचणी म्हणजे ‘डीसीसीटी’. १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका आणि कॅनडातल्या टाईप १ मधुमेहाच्या १,४४१ जणांनी तीत भाग घेतला. साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंड, नसा वाचतात का, हा प्रश्न होता. काटेकोर गटात डोळ्यांच्या पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. त्याच गटात साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंग मात्र सुमारे तिप्पट होते. दोन्ही आकडे एकत्र वाचायला हवेत. आणि हे घडलं कशामुळे? त्या माणसांनी वर्षानुवर्षं दिवसातून अनेकदा बोट टोचून साखर मोजली आणि तिच्याप्रमाणे इन्सुलिन बदललं. मूळ चाचणी संपल्यावर १९९४ पासून त्यांच्यापैकी बहुतेकांचा पाठपुरावा पुढे चालू राहिला. आज मधुमेहाच्या डॉक्टरांनी दिलेल्या साध्या सल्ल्यामागे या माणसांची टोचलेली बोटं आहेत.

५. चार शब्द समजून घ्या

टप्पा, म्हणजे फेज. पहिल्या टप्प्यात साधारण २० ते १०० जण असतात आणि औषध शरीराला झेपतं का, किती डोसपर्यंत झेपतं, एवढंच बघतात. दुसऱ्यात शेकड्यांनी रुग्ण असतात आणि गुण येतोय का याचा अंदाज घेतात. तिसऱ्यात शेकडो ते हजारो रुग्ण असतात आणि नवं औषध आत्ताच्या उपचाराशी किंवा प्लासिबोशी ताडून पाहतात. चौथा टप्पा औषध बाजारात आल्यानंतरचा, आणि क्वचित होणारे दुष्परिणाम बहुधा तिथेच सापडतात. तुम्हाला विचारलं गेलेली ट्रायल कितव्या टप्प्याची आहे, हा पहिला प्रश्न. पहिल्या टप्प्यात स्वतःला गुण येईल या आशेने जाऊ नये.

रँडमायझेशन म्हणजे कोणता गट मिळेल हे संगणकाच्या चिठ्ठीवर ठरणं. तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांनाही ते बदलता येत नाही. डबल ब्लाइंड म्हणजे तुम्हाला काय मिळतंय हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही. तातडीच्या प्रसंगी मात्र कोड उघडण्याची, म्हणजे कोणाला काय मिळतंय ते पाहण्याची, सोय असते.

प्लासिबोची भीती सगळ्यांनाच वाटते. ‘म्हणजे वर्षभर खडूची गोळी खायची आणि दुखणं सोसायचं?’ दीर्घ आजारात बहुधा तसं नसतं. चालू औषध सगळ्यांनाच चालू ठेवतात आणि त्यावर काहींना नवी गोळी, काहींना तशीच दिसणारी दुसरी गोळी देतात. पण सगळ्याच ट्रायल अशा नसतात. काहींमध्ये चालू औषध काही आठवडे थांबवावं लागतं, त्याला वॉशआऊट म्हणतात. ज्या माणसाचा आजार महत्प्रयासाने आटोक्यात आलाय, त्याने हातचं सोडून पळत्याच्या मागे लागण्याआधी चार वेळा विचार करावा. आजार मध्येच उफाळला तर द्यायचं ‘रेस्क्यू’ औषध कोणतं आणि ते कितव्या आठवड्यापासून मिळेल, हे आधीच विचारून ठेवा.

६. ट्रायल शोधताना

सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांपासून करा. ते स्वतः ट्रायल करत नसले तरी तुमचा आजार त्यांनाच माहीत आहे. मग नोंदवह्या पाहा. अमेरिकी सरकारची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही नोंदणी २००० पासून सगळ्यांना खुली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीटीआरपी’ पोर्टलवर निरनिराळ्या देशांच्या नोंदण्या एकाच जागी शोधता येतात. तिथे पाच गोष्टी बघा: भरती चालू आहे का, कोणाला घेतात, कोणाला वगळतात, किती महिने आणि किती फेऱ्या, आणि मुख्य निष्कर्ष म्हणून नेमकं काय मोजणार आहेत. शेवटच्या गोष्टीकडे लोक लक्ष देत नाहीत. मोजमाप रक्तातल्या एका आकड्याचं आहे की तुमच्या चालण्या-बसण्याचं, यावरून त्या ट्रायलला कशात रस आहे ते कळतं.

नोंदणी झाली म्हणजे कुणी त्या अभ्यासावर सुरक्षिततेचा शिक्का मारला असं नव्हे. यादीत नाव आहे, इतकाच त्याचा अर्थ. प्रयोगातलं औषध घेण्यासाठी तुमच्याकडूनच मोठी रक्कम मागणारे, ‘शंभर टक्के गुण’ असं सांगणारे, आज सही केली तरच जागा आहे म्हणणारे, अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीचं नाव विचारल्यावर विषय बदलणारे, यांच्यापासून दूर राहा. स्टेम सेलच्या नावाखाली असे पुष्कळ प्रकार चालतात. जुनाट आजाराने गांजलेला माणूस त्यांना नेमका हवा असतो.

ट्रायल नेहमी औषधाचीच असते असंही नाही. व्यायामाच्या, समुपदेशनाच्या, नुसत्या नोंदी आणि रक्ताचे नमुने देण्याच्या अभ्यासांतही माणसं लागतात. औषधाचा धोका पत्करायचा नाही पण हातभार लावायचाय, त्यांनी हे पर्याय बघावेत.

७. संमतीपत्र

इथे घाई नको. एका ठिकाणी नर्सबाईंनी माझ्यासमोर चोवीस पानी कागद ठेवला, शेवटचं पान उघडलं आणि पेन दिलं. ‘इथे आणि इथे. बाकी सगळं नेहमीचंच आहे.’ मी विचारलं, ‘घरी नेऊन वाचू?’ त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मी पेन परत दिलं आणि उठले. ते ठिकाण मी पुन्हा पाहिलं नाही. ज्या ट्रायलमध्ये मी पुढे गेले, तिथल्या को-ऑर्डिनेटरने माझ्या भाषेतला कागद दिला, आठवडाभर ठेवून घ्यायला सांगितलं आणि परत आल्यावर मलाच विचारलं, ‘आता तुम्ही मला सांगा, यात काय होणार आहे?’ मी सांगितलं. दोन ठिकाणी चुकले. तिने ते भाग पुन्हा समजावले आणि मगच सही घेतली. संमती घ्यायची ती अशी.

या सहीमागे मोठा इतिहास आहे. १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेचं पहिलंच कलम स्वेच्छेने दिलेल्या संमतीचं आहे, आणि ते नाझी डॉक्टरांनी कैद्यांवर केलेल्या अत्याचारांनंतर लिहिलं गेलं. तरीही अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा अभ्यास चालला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना आजाराचं खरं नावही सांगितलं नव्हतं आणि त्यावर गुणकारी असलेलं पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही दिलं नाही. १९६४ मध्ये वर्ल्ड मेडिकल असोसिएशनने हेलसिंकी जाहीरनामा स्वीकारला. त्याची सर्वांत अलीकडची सुधारणा २०२४ ची. तीत माणसांसाठी आधी वापरलेला ‘सब्जेक्ट’ हा शब्द काढून ‘सहभागी’ असा शब्द आला. मला तो बदल फार मोलाचा वाटतो. ज्याच्यावर प्रयोग होतो तो वेगळा आणि जो प्रयोगात भाग घेतो तो वेगळा.

कागद घरी आणल्यावर पेन्सिल घेऊन वाचा. न समजलेल्या प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढा. माझ्या प्रतीवर एकतीस रेघा होत्या. हे प्रश्न वहीत उतरवून घ्या:

– मी यात गेले नाही तर मला कोणता उपचार मिळेल?
– आत्तापर्यंत हे औषध किती माणसांना दिलंय आणि त्यांना काय त्रास झाला?
– माझं चालू औषध थांबणार का?
– नेहमीच्या उपचारापेक्षा जास्तीच्या तपासण्या कोणत्या? त्यांचा आणि प्रवासाचा खर्च कोण देणार?
– औषधामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोणाकडून?
– रात्री दोन वाजता त्रास झाला तर फोन कोणाला?
– माझे नमुने आणि माहिती कुठे, किती वर्षं ठेवणार, कोणाला दाखवणार?
– ट्रायल संपल्यावर औषध चालू राहील का?

पहिला प्रश्न मुद्दाम पहिला ठेवलाय. ट्रायलला जाणं आणि उपचार घ्यायला जाणं यांत एक मूलभूत फरक आहे, आणि तो शिकल्यासवरल्या माणसांच्याही लक्षात राहत नाही. उपचारात डॉक्टर तुमच्यासाठी निर्णय घेतात. ट्रायलमध्ये एका प्रश्नाचं उत्तर शोधायचं असतं. डोस, तपासण्या, भेटींचे दिवस हे सगळं त्या प्रश्नाच्या सोयीने आधीच ठरलेलं असतं. डॉक्टर तेच असतील, खोली तीच असेल, आपुलकीही तीच असेल, तरी तुम्ही आज रुग्ण म्हणून बसलात की सहभागी म्हणून, हे स्वतःला विचारत राहा. आणि जर डॉक्टरांना आधीपासून खात्रीने माहीत असेल की नवं औषध चांगलंच आहे, तर चिठ्ठ्या टाकून अर्ध्या लोकांना ते न देणं अन्यायाचं होईल. ‘खरंच माहीत नाही’ याच प्रामाणिक उत्तरावर ट्रायल उभी असते.

सही केल्यावर तुमची प्रत मागून घ्या. नाही म्हणालात तरी नेहमीच्या उपचारात फरक पडता कामा नये. हे कागदावर लिहिलेलं असतं, ते वाचून खात्री करा.

८. ट्रायल चालू असताना

सहभागी असल्याचं कार्ड मिळतं, ते पाकिटात ठेवा. दातांच्या डॉक्टरांकडे गेलात, अपघात झाला, कुणी साधी अँटिबायोटिक दिली, तरी ते दाखवा. नवी कुठलीही गोळी घेण्याआधी ट्रायलच्या डॉक्टरांना विचारा. गर्भधारणेची शक्यता असेल तर त्याबद्दलचे नियम फार कडक असतात, ते संकोच न करता समजून घ्या.

होणारा प्रत्येक त्रास कळवा, औषधाशी संबंध नाही असं वाटलं तरी. डोकं दुखलं, स्वप्नं विचित्र पडली, जिन्यावरून पाय घसरला. संबंध आहे की नाही ते ठरवणं तुमचं काम नाही. शंभर जणांचे पाय घसरले तर त्यातून काहीतरी दिसतं, आणि प्रत्येकाने ‘ते काय सांगायचं’ म्हटलं तर कधीच दिसत नाही. मोठ्या चाचण्यांवर एक स्वतंत्र समिती असते. तिला मधूनमधून कोड उघडून आकडे पाहता येतात आणि धोका दिसला तर ट्रायल थांबवण्याची शिफारस करता येते. पण तिच्यापुढे तेच येतं, जे आपण सांगितलेलं असतं.

चुकलेल्या गोळ्या लपवू नका. परत दिलेल्या पाकिटातल्या गोळ्या ते मोजतात, पण त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे न घेतलेली गोळी घेतली असं लिहिलं तर औषध निकामी आहे असा खोटा निष्कर्ष निघतो, किंवा डोस वाढवावा लागेल असा. माझा एक पूर्ण आठवडा चुकला होता, घरात आजारपण होतं. सांगताना मला शरम वाटली. को-ऑर्डिनेटर म्हणाली, ‘बरं झालं सांगितलंत,’ आणि तारखा लिहून घेतल्या.

मध्येच सोडायचं असेल तर केव्हाही सोडता येतं, कारण न देताही. फक्त घरी बसून अचानक औषध थांबवू नका. कळवा आणि शेवटची तपासणी करून घ्या. तोवर जमलेली माहिती बहुधा अभ्यासात राहते, हे संमतीपत्रात असतंच.

९. संपल्यावर

तिसऱ्या महिन्यात मला खूपच बरं वाटू लागलं. बटण एका मिनिटात लागत होतं. मी घरी सगळ्यांना सांगून टाकलं की मला नवी गोळीच मिळाली आहे. वर्षभराने, सगळ्यांची ट्रायल पूर्ण झाल्यावर कोड उघडले. मी प्लासिबोच्या गटात होते. मेथोट्रेक्सेट माझं चालू होतंच.

त्या दिवशी मला फसल्यासारखं वाटलं. मग मी वही काढली. ट्रायलला गेले त्याआधीचे दोन महिने माझ्या आजाराचे सगळ्यात वाईट होते, म्हणून तर मी गेले होते. दीर्घ आजार चढ-उतारांचा असतो. तळ गाठल्यावर तो बहुधा थोडा वर येतोच, औषध बदललं तरी आणि न बदललं तरी. सुंठीवाचून खोकला गेला, आणि मी सुंठीला श्रेय देऊन मोकळी झाले होते. शिवाय त्या वर्षी दर महिन्याला कुणीतरी माझे सगळे सांधे एकेक करून दाबून पाहत होतं आणि माझ्या गोळ्या मोजत होतं, त्यामुळे मेथोट्रेक्सेट इतकं नियमित मी कधीच घेतलं नव्हतं. मला आलेला गुण खरा होता. त्याचं कारण मी चुकीचं धरलं होतं. शेजारणीला अमुक काढ्याने गुण आला, असं आता कुणी सांगितलं की मी तिला खोटं ठरवत नाही. काढा कधी सुरू केला आणि त्याआधीचे दोन महिने कसे होते, ते विचारते.

ट्रायल संपण्याच्या दोन महिने आधी नेहमीच्या डॉक्टरांना भेटून पुढचं ठरवा. नवी गोळी मिळत असेल आणि ती थांबणार असेल, तर त्या दिवसापासून काय घ्यायचं, पहिली रक्ततपासणी कधी करायची, आजार उफाळला तर काय करायचं. ट्रायलच्या डॉक्टरांकडून शेवटच्या भेटीचा सारांश, सगळे रिपोर्ट आणि कोड उघडल्यावर तुमच्या गटाचं नाव लेखी मागून घ्या. निकाल छापून यायला दोन-तीन वर्षंही लागतात, म्हणून साध्या भाषेतला निकाल कळवण्यासाठी तुमचा पत्ता त्यांच्याकडे आहे ना, ते विचारा. तो आपोआप येईल असं धरू नका. मला दोनदा फोन करावा लागला, तेव्हा दीड पानाचं पत्र आलं. ते मी त्या वर्षाच्या वहीत, शेवटच्या पानाला टाचणी लावून ठेवलं आहे.